राखेतली वाळू

पीएच.डी.साठी नाव नोंदवण्यामागे माझा हेतू फारसा उदात्त नव्हता, हे आधीच सांगून टाकते. सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात मी अकरा वर्षे शिकवत होते आणि त्या पदवीशिवाय पुढची बढती मिळणार नव्हती. २०१८ मध्ये राज्यातील एका तंत्रशास्त्र विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली, संस्थेकडून ना हरकत प्रमाणपत्र मिळवले आणि जानेवारी २०१९ मध्ये अर्धवेळ संशोधक म्हणून माझी नोंदणी झाली. विषय शोधायला मात्र मला लांब जावे लागले नाही. आमच्या भागात कोणत्याही दिशेला तासभर गेले तरी साखर कारखान्याचे धुराडे दिसते. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे रस काढून उरलेले चिपाड, निघतो, तो बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची वाफ आणि वीज तयार करतो, आणि उरलेली राख मागच्या आवारात ढिगाने पडून राहते. काही शेतकरी ती शेतात टाकायला नेतात, काही वीटभट्टीवाले नेतात, आणि बाकीची वाऱ्याबरोबर आसपासच्या वाड्यावस्त्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसते.

या राखेचा काँक्रीटशी संबंध काय, हे थोडक्यात सांगायला हवे. सिमेंटमध्ये पाणी मिसळले की जो मुख्य चिकट पदार्थ तयार होतो त्याच्याबरोबर बराचसा चुनाही, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सुटतो. या चुन्याची ताकदीला फारशी मदत होत नाही. पण काचेसारखी, स्फटिक न बनलेली सिलिका बारीक पूड करून मिसळली, तर ती याच चुन्याशी संयोग पावून आणखी चिकट पदार्थ तयार करते. अशा पदार्थाला पोझोलाना म्हणतात. जुन्या बांधकामात चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालत असत, त्यामागचे रसायनशास्त्र हेच आहे. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सात ते आठ टक्के मानला जातो, त्यामुळे सिमेंटची एक पिशवी जरी राखेने वाचली तरी ती हवीच आहे. औष्णिक वीज केंद्रातील कोळशाच्या राखेने ही जागा केव्हाच मिळवली असून तिच्यासाठी आयएस ३८१२ हे भारतीय मानक आहे. उसाच्या राखेतही सिलिका असते, मग तिला ही जागा का मिळू नये, असा माझा साधा प्रश्न होता, आणि तो तेव्हा मला बराच मौलिकही वाटत होता. वाचायला बसल्यावर कळले की ब्राझीलपासून थायलंडपर्यंत अनेकांनी तो आधीच विचारून झाला आहे.

पहिली राख मी फेब्रुवारी २०१९ मध्ये आणली. कारखान्याच्या बॉयलर विभागात पस्तीस वर्षे काढलेले एक काका होते. त्यांनी मला राख कुठून घ्यायची हे न विचारताच दाखवले, दोन पोती भरून दिली आणि एवढेच म्हणाले, ‘ताई, आत्ता बॉयलर झ्याक चाललाय, राख पांढरट येतीय. न्या आत्ताच.’ त्या वाक्याची नोंद मी वहीत केली नाही. तारीख, ठिकाण, पोत्यांचे वजन, हवेचे तापमान असे सगळे लिहिले. हे वाक्य तेवढे लिहिले नाही. पुढे दीड वर्षाने ते आठवले तेव्हा मी त्या वहीचे पान उघडून बराच वेळ नुसती बसून होते.

राख वाळवायची, चाळायची, बॉल मिलमध्ये दळायची आणि ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर किती शिल्लक राहते ते पाहायचे, हे काम सुरुवातीला कंटाळवाणे वाटले तरी हळूहळू त्याची गोडी लागली. काँक्रीट एम ३० प्रतीचे, म्हणजे २८ दिवसांना ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे, धरले होते, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ होते, आणि सिमेंटच्या जागी वजनाने १०, १५ आणि २० टक्के राख घालायची होती. प्रत्येक मिश्रणाचे १५० मिलिमीटरचे नऊ ठोकळे, म्हणजे ७, २८ आणि ९० दिवसांना फोडायला तीन-तीन. एकेका ठोकळ्याचे वजन आठ किलोच्या वर जाते. साच्यात तीन थरांत काँक्रीट भरायचे आणि प्रत्येक थराला सळईने ३५ ठोके द्यायचे. आमच्या प्रयोगशाळेतले मामा हे काम इतक्या एका तालात करत की मी मोजणे सोडून द्यावे आणि त्यांचा हात थांबला की ३५ झाले असे समजावे. ‘मॅडम, तुम्ही साच्याला तेल लावा, उचलायचं आमच्याकडं,’ अशी त्यांनी पहिल्याच दिवशी कामाची वाटणी करून टाकली.

२८ दिवसांचे निकाल उत्तम आले. बिनराखेचे काँक्रीट ३९.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला फुटले, १० टक्के राखेचे ४१.२ ला, १५ टक्क्यांचे ३९.८ ला, आणि २० टक्क्यांवर आकडा ३६.१ वर उतरला. पुस्तकात असतो तसाच आलेख, आधी थोडा चढ आणि मग उतार. दर सहा महिन्यांनी होणाऱ्या संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत मी तो पडद्यावर दाखवला आणि समितीने समाधान व्यक्त केले. मार्गदर्शक सर तेवढे म्हणाले, ‘एका पोत्यावर विश्वास ठेवू नका. पुढच्या हंगामाची राख आणा आणि हेच परत करून दाखवा.’ मला तो सल्ला केवळ औपचारिक वाटला. अभ्यासक्रमाचे पेपर, संशोधन पद्धतीची परीक्षा, तासिकांचे वेळापत्रक या धावपळीत ते वर्ष संपत आले.

मध्ये ऑगस्ट २०१९ चा महापूर येऊन गेला. सांगली-कोल्हापूर भागात राहणाऱ्यांना त्याविषयी नव्याने काही सांगायला नको. कृष्णा-वारणेच्या काठचा ऊस कित्येक दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरले तेव्हा उसाच्या पानांवर, पाचटाच्या बेचक्यांत, अगदी शेंड्याच्या पोग्यापर्यंत राखाडी गाळ वाळून बसला होता. गाळप हंगाम उशिराने, नोव्हेंबरअखेरीस सुरू झाला, आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी त्याच कारखान्यातून, त्याच जागेवरून, पुन्हा दोन पोती राख आणली. काका त्या दिवशी दुसऱ्या पाळीत होते. राख गेल्या वेळेपेक्षा काळी आहे हे मला दिसले होते, पण दळल्यावर सगळे सारखे होईल असे मी धरून चालले.

रासायनिक पृथक्करणासाठी नमुना बाहेर पाठवला. एक्सआरएफ नावाच्या या तपासणीत पदार्थात कोणते मूलद्रव्य किती आहे ते कळते. कोळशाच्या राखेच्या मानकात सिलिका, ॲल्युमिना आणि लोहाचे ऑक्साइड यांची बेरीज किमान ७० टक्के असावी अशी अट आहे. पहिल्या राखेची ती बेरीज ७४ होती, दुसरीची ७९ आली. मी खूश झाले. राख गेल्या वर्षीपेक्षा सरस आहे असे मी सरांना लिहून कळवलेसुद्धा.

१० जानेवारी २०२० ला ठोकळे भरले आणि ७ फेब्रुवारीला २८ दिवस पूर्ण झाले. टाकीतून काढलेला ठोकळा पुसून यंत्राच्या दोन तबकड्यांमध्ये ठेवला. त्याच्यावर मिनिटाला सुमारे ३१५ किलोन्यूटन या गतीने भार चढवायचा असतो, म्हणजे सगळा खेळ तीन मिनिटांच्या आत संपतो. गेल्या वर्षी १० टक्क्यांचे ठोकळे ९२० ते ९३५ च्या दरम्यान फुटले होते, त्यामुळे माझी नजर त्याच आकड्यांची वाट पाहत होती. ७०० गेले, ७५० गेले आणि मग आकडा ७७६ वर थबकला. भार पुढे सरकेना. एका कोपऱ्यातून बारीक कपची सुटली, ठोकळ्याच्या बाजूने तिरकी भेग खाली धावली आणि आकडे उलटे फिरू लागले. मामा म्हणाले, ‘एखादा कच्चा निघतो, मॅडम.’ दुसरा ७८१ ला गेला, तिसरा ७७८ ला. सरासरी ३४.६. तीन ठोकळे जेव्हा एकमेकांच्या इतक्या जवळ फुटतात तेव्हा दोष एखाद्या ठोकळ्यात नसतो, हे मी वर्गात दरवर्षी शिकवत आले होते.

पुढचे पाच आठवडे मी चूक सगळीकडे शोधली, फक्त राखेत शोधली नाही. यंत्राच्या अचूकतेचे प्रमाणपत्र मुदत संपलेले निघाले, तेव्हा मला हायसेच वाटले होते. पण तपासणी करून घेतल्यावर यंत्रात एक टक्क्याहून कमी फरक आढळला. सिमेंट नवे होते, वाळूतला ओलावा मोजलेला होता, बिनराखेचे ठोकळे गेल्या वर्षीसारखेच फुटले होते. मिश्रण मऊ राहावे म्हणून या खेपेला मला रसायनाची मात्रा वाढवावी लागली होती, हीदेखील वहीत नोंद होती, आणि तीच खरी खूण होती. राख पाणी पीत होती. अर्धवट जळलेला बगॅस म्हणजे सच्छिद्र कोळसाच, तो पाणी आणि रसायन दोन्ही शोषून घेतो. ज्वलनातील घट, म्हणजे राख सुमारे ९०० अंशांवर पुन्हा तापवल्यावर वजनात किती तूट येते, ही चाचणी मी पहिल्या राखेवर केली होती (४.२ टक्के) आणि दुसरीवर ‘नंतर करू’ म्हणून ठेवली होती. बेरीज ७९ आली होती ना!

ती चाचणी करायच्या आतच मार्चमध्ये टाळेबंदी लागली. जानेवारीत भरलेल्या ठोकळ्यांचे ९० दिवस ९ एप्रिलला भरत होते आणि त्या दिवशी मी घरात होते. प्रयोगशाळेला कुलूप होते आणि टाकीत पाणी घालायला कोणी नव्हते. ऑक्टोबरमध्ये आत गेले तेव्हा टाकीचा तळ कोरडा होता, ठोकळ्यांवर पांढरा क्षार फुलला होता आणि एका ठोकळ्याच्या आडोशाला पालीने अंडी घातली होती. संपूर्ण मालिका वाया गेली. कुणाला दोष द्यावा अशी ती वेळ नव्हती. पण नऊ महिन्यांच्या कामावर स्वतःच्या हाताने ‘ग्राह्य नाही’ असे लिहिणे सोपेही नव्हते.

या शोधातला खरा दुवा मात्र टाळेबंदीतच, घरच्या स्वयंपाकघरात सापडला. दुसऱ्या राखेचा न दळलेला एक डबा मी योगायोगाने घरी आणून ठेवला होता. करायला काही नव्हते म्हणून एका दुपारी लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत पाणी घेतले, त्यात चार चमचे राख टाकून ढवळली आणि ठेवून दिली. तासाभराने तिचे सरळ तीन भाग झाले होते. वर काळा, चिवट तवंग होता, त्यात चिपाडाचे जळके धागे ओळखू येत होते. मध्ये गढूळ राखाडी पाणी, जे संध्याकाळपर्यंत निवळले नाही. आणि तळाशी बोटाच्या पेराएवढा जाड, तपकिरी, उन्हात चमकणारा थर. सासूबाई शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी बरणी उचलून पाहिली, तळातली चिमूट मी बाहेर काढल्यावर बोटांत चोळली आणि म्हणाल्या, ‘ही राख भांड्याला लावू नको गं, तांब्याला चरे पडतील. हिच्यात वाळू आहे.’ त्यांच्या तरुणपणी भांडी घासायची राख फडक्यातून गाळून घेत, ती याच कारणासाठी. पुराचा गाळ उसावर बसला होता, काही रसाबरोबर प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरणाऱ्या चिखलात, गेला असेल, उरलेला बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जाऊन राखेत उतरला होता. आमच्याकडची जमीन काळ्या कातळापासून, म्हणजे बेसॉल्टपासून झालेली आहे. तिच्या गाळात सिलिकाबरोबर ॲल्युमिना आणि लोहही भरपूर असते. मानकातली ती तीन ऑक्साइडांची बेरीज वाढली होती ती राख सुधारली म्हणून नव्हे, तर तिच्यात माती मिसळली होती म्हणून. रासायनिक पृथक्करण सिलिका किती ते सांगते. ती काचेसारखी आहे की स्फटिक, ते सांगत नाही, आणि चुन्याशी संयोग होणे न होणे त्यावरच अवलंबून असते.

प्रयोगशाळा उघडल्यावर दोन्ही राखा मी शेजारी शेजारी मुशींत घेऊन भट्टीत ठेवल्या. पहिली बाहेर आली ती फिकट, जवळजवळ पांढरी. दुसरीची तूट १३.८ टक्के भरली आणि मुशीत उरलेल्या पुडीवर विटेसारखी तांबूस छटा होती, ते लोह. नंतर एक्सआरडी करून घेतले, ज्यात क्ष-किरणांच्या साह्याने पदार्थातले स्फटिक ओळखता येतात. पहिल्या राखेच्या आलेखात कोनाच्या २० ते ३० अंशांच्या दरम्यान रुंद, गोलसर उंचवटा होता, जी काचेसारख्या सिलिकेची खूण. दुसरीत तो उंचवटा बसका झाला होता आणि त्यातून २६.६ अंशांजवळ गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, सुईसारखी रेघ सरळ वर गेली होती, तिच्या आजूबाजूला फेल्डस्पार या खडकातल्या दुसऱ्या खनिजाच्या लहान रेघा. इतके दिवस जे मला दिसत नव्हते ते एका पानावर मावले होते.

त्याच आठवड्यात मी कारखान्यात जाऊन काकांना भेटले. त्यांना आलेख दाखवण्यात अर्थ नव्हता, म्हणून दोन बाटल्या दाखवल्या. ‘हंगाम सुरू झाला की पंधरा-वीस दिवस बॉयलर बसत नाही,’ ते म्हणाले. ‘गेल्या वर्षीचा भिजलेला बगॅस आधी संपवायचा असतो, ऊस कमी-जास्त येतो, आग एकसारखी राहत नाही. तवा राख काळीच येणार. जानेवारी-फेब्रुवारीत बघा कशी येतीय.’ मी ज्या गोष्टीसाठी दीड वर्ष आणि बाहत्तर ठोकळे खर्ची घातले होते, ती त्यांना रंगावरून माहीत होती. हे कौतुकाने लिहीत आहे, त्यांच्या अनुभवाने माझे काम संपले असे मात्र नाही. रंगावरून कोळसा कळतो. गाळ कळत नाही, कारण तो राखेच्याच रंगाचा असतो.

इथून पुढे संशोधनाचा प्रश्नच बदलला. उसाची राख काँक्रीटमध्ये चालते का, हा प्रश्न मागे पडला आणि आज आलेली राख चालण्याजोगी आहे की नाही हे कारखान्याच्या दारात कसे ओळखावे, हा पुढे आला. सरांनी तो लगेच उचलून धरला. विद्यापीठाला मात्र शीर्षकात बदल करण्यासाठी अर्ज, समितीची शिफारस, आणखी एक अर्ज आणि शुल्क असे टप्पे लागले, आणि चार शब्द बदलायला चार महिने गेले. मी त्या काळात थांबले नाही. २०२०-२१ च्या हंगामात डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत दर पंधरवड्याला, अशा दहा खेपांची राख गोळा केली आणि प्रत्येक पोत्याला काकांनी सांगितलेला बॉयलरचा हालहवाल चिठ्ठीवर लिहून बांधला. वहीतला तो रकाना आता सगळ्यात आधी भरला जाई.

चुन्याशी राख किती संयोग पावते हे मोजण्याची आपली मानक पद्धत आयएस १७२७ मध्ये आहे. चुना, राख आणि तामिळनाडूतील एन्नोर येथून येणारी प्रमाणित वाळू यांचे ५० मिलिमीटरचे ठोकळे करून दोन दिवस ओलाव्यात आणि नंतर आठ दिवस ५० अंशांच्या दमट पेटीत ठेवायचे आणि मग फोडायचे. उत्तर भरवशाचे मिळते, पण दहा दिवसांनी. तोवर कारखान्याची राख केव्हाच ट्रॉलीत भरून गेलेली असते. म्हणून १९८९ साली लक्सान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेली एक झटपट पद्धत हाती घेतली. चुन्याचे संपृक्त पाणी ४० अंशांवर ठेवायचे, २०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम पूड टाकायची आणि दोन मिनिटांत विद्युतवाहकता किती घटते ते पाहायचे. सिलिकेने चुना ओढून घेतला की पाण्यातले आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, कमी होतात आणि आकडा खाली येतो. घट १.२ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर पोझोलाना चांगला, ०.४ पेक्षा कमी असेल तर तो पोझोलानाच नव्हे.

पहिल्याच प्रयोगात आकडा खाली येण्याऐवजी वर गेला. तीनदा केले, तिन्हीदा वर गेला. चुन्याचे पाणी नवे केले, मापकाची सळी बदलली, तरी तेच. दोन दिवसांनी घरी परतताना एसटीच्या खिडकीतून शेतात राख पसरणारा माणूस दिसला आणि एकदम लक्षात आले की शेतकरी राख नेतात ती पोटॅशसाठी. राखेतले पोटॅशचे क्षार पाण्यात विरघळून वाहकता वाढवत होते आणि चुना कमी झाल्याची खूण झाकून टाकत होते. त्यावरचा उपाय संदर्भ-लेखांत आधीच दिलेला होता, मीच घाईने वाचला होता: तेवढीच राख साध्या शुद्ध पाण्यात टाकून वाढ मोजायची आणि ती वजा करायची. तसे केल्यावर दहा खेपांचे आकडे दहा दिवसांच्या चुना-चाचणीशी बऱ्याच अंशी जुळले. दोन खेपा जुळल्या नाहीत. त्या दोन्हींत कोळसा बारा टक्क्यांच्या वर होता, आणि प्रबंधात मी त्या तशाच दाखवल्या आहेत.

लेख छापून आणणे हा स्वतंत्र खटाटोप होता. माझ्या नोंदणीला लागू असलेल्या २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध असणे आवश्यक होते. पहिला लेख, एका पोत्याच्या सुंदर आलेखाचा, मी २०१९ मध्येच एका नियतकालिकाला पाठवला होता आणि तो ‘एकच स्रोत, एकच नमुना’ या एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला होता. तेव्हा राग आला होता. याच सुमारास एका सहकाऱ्याने पैसे भरले की आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकाचा पत्ता दिला, आणि मी दोन दिवस खरोखरच विचार करत होते. तो लेख तेव्हा छापून आला असता तर मी आज त्याचा उल्लेख टाळत असते. दहा खेपांवरचा नवा लेख दोन परीक्षकांच्या हातून, अकरा महिन्यांनी आणि तीन वेळा दुरुस्त होऊन स्वीकारला गेला.

प्रबंध लिहिताना सर्वात जास्त वैताग साम्य-तपासणीने, म्हणजे आपला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहण्याने, दिला. साम्य १० टक्क्यांच्या आत हवे. माझे १७ आले, कारण ठोकळा कसा भरावा आणि कसा फोडावा हे सगळे जग मानकातल्याच शब्दांत लिहिते. ‘३५ ठोके द्यावेत’ हे वाक्य वेगळ्या शब्दांत लिहिण्याचे जे प्रकार मी केले ते आता वाचवत नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रबंध दिला. परीक्षकांचे अहवाल यायला आठ महिने लागले आणि जुलै २०२४ मध्ये खुली मौखिक परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, काँक्रीटपेक्षा चुन्याच्या जुन्या बांधकामांत त्यांचे आयुष्य गेले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘तुम्ही म्हणता गाळ मिसळल्याने राख बिघडली. पण भाजलेली माती म्हणजे सुरखी, आणि सुरखी स्वतःच पोझोलाना असते. मग तुमच्या बॉयलरात भाजलेला गाळ निष्क्रिय का?’ सभागृहात क्षणभर शांतता होती. समोर बसलेल्या सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते ते केवळ लोणच्याच्या बरणीमुळे. बरणीच्या तळाशी बसलेला तो तपकिरी थर मी पुढे प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर वेगळा करून, धुऊन, दळून, त्याची चुना-चाचणी स्वतंत्रपणे केली होती, आणि त्याचे ठोकळे हाताने दाबले तरी कडा सुटत होत्या. सुरखीत कामाची असते ती बारीक चिकणमाती, आणि तीही बेताच्या आचेवर भाजलेली. आमच्या तळाच्या थरात मुख्यतः गार आणि फेल्डस्पारचे कण होते, म्हणजे सासूबाईंच्या भाषेत वाळू. मी तो तक्ता पडद्यावर आणला. परीक्षकांनी पुढे वाकून आकडे वाचले, बारीक चिकणमातीचा भाग मधल्या गढूळ पाण्यात गेला असेल तर त्याचे काय, असे विचारले, आणि ते मी तपासलेले नाही असे मला सांगावे लागले. ‘मग तपासा,’ ते म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली.

तो भाग आता माझी एम.टेक.ची एक विद्यार्थिनी करते आहे. बरणीऐवजी तिच्याकडे उंच काचेची नळकांडी आहेत आणि गढूळ पाणी निवळायला ती तीन-तीन दिवस थांबते. २०२०-२१ च्या हंगामातील पहिल्या खेपांचे ठोकळे आम्ही जानेवारी २०२१ मध्ये भरले होते, त्यांपैकी सहा मुद्दाम राखून ठेवले आहेत. येत्या जानेवारीत त्यांना पाच वर्षे होतील. मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण टाकीतले पाणी बघायला ते अजूनही महिन्यातून एकदा येतात, आणि फोडायच्या दिवशी आपल्याला बोलवायचे असे त्यांनी नव्या सहाय्यकाला बजावून ठेवले आहे.